नियम घराला हवेत, माणसाला नकोत

(परळ इथे विद्यार्थी आणि नव्याने नोकरीला लागलेल्या तरुण-तरुणींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीला एक हात वर करायचा खेळ करू. तुमच्यापैकी किती जण कॉट बेसिसवर, पीजीत किंवा मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतात? बरेच आहेत. आता ज्यांच्याकडे त्या खोलीचा नोंदणी झालेला करार आहे, त्यांनीच हात वर ठेवा. मोजून चार. बाकीच्यांनी लाजायचं कारण नाही. मी पाच वर्षं मुंबईत शिकले आणि त्या पाच वर्षांत माझ्याकडेही नव्हता. आज मी वकिली करते, धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात घरांच्याच भांडणांत माझा दिवस जातो, म्हणून हा विषय माझ्याकडे आला.

मी चिपळूण तालुक्यातली. कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा पहिली खोली गिरगावात मिळाली, चाळीत, एका विधवा मावशींकडे. माझं नाव ऐकल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मासे खातेस ना? मग झालं." दोन खोल्यांच्या घरात त्या आतल्या खोलीत, मी आणि आणखी एक मुलगी बाहेरच्या खोलीत. पाणी सकाळी येणार, मोरी आधी कोणी वापरायची, दिवा किती वाजता मालवायचा, हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वहीच्या पानावर भाडं आणि डिपॉझिट लिहिलं, खाली त्यांची सही, माझी सही. दोन वर्षांनी निघाले तेव्हा ते पान काढून त्यांनी डिपॉझिटचे पैसे मोजून हातात ठेवले.

दुसरी जागा परळला. ब्रोकरने सांगितलं, "लेडीज पीजी आहे, सेफ आहे." दोन खोल्यांत नऊ मुली, संडास एक, दार एक, खिडकीला न उघडणारी जाळी. मालक कुठे राहतो ते कोणालाच माहीत नव्हतं. भाडं रोख, पावती नाही. एका संध्याकाळी चौकशीला पोलीस आले. कोण राहतं याची माहिती मालकाने दिलेलीच नव्हती. नऊ जणींपैकी खाली बोलावलं दोघींना, मला आणि औरंगाबादच्या एका मुलीला. दोघींची नावं बघून काय ते तुम्ही समजलात. चौकशी अर्ध्या तासात संपली, पण दुसऱ्या दिवशी ब्रोकरचा फोन आला, "बिल्डिंगवाले तक्रार करतायत, महिनाअखेर खाली करा." डिपॉझिटातलं काही परत आलं नाही. मागायला गेले तर म्हणाला, "कुठे लिहिलंय?"

या दोन खोल्यांत फरक कशाचा होता, याचा मी बरीच वर्षं विचार केला. मावशी प्रेमळ होत्या आणि ब्रोकर लबाड होता, असं म्हणून मोकळं होता येतं. पण दर वर्षी शिकायला येणाऱ्या हजारो मुलांना मावशीच भेटेल, अशी व्यवस्था कोणी करू शकत नाही. व्यवस्था नियमांची करावी लागते. आणि नियम म्हटलं की आपल्या शहरात काय होतं? घराला नियम लागत नाहीत, माणसाला लागतात. बॅचलर नको, मुलगी एकटी नको, नॉनव्हेज नको, मुसलमान नको. याउलट एका खोलीत किती जण झोपतात, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं, नऊ जणांना संडास किती, हे विचारणारं कोणी नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे: हे उलटं करायला हवं. नियम घराला हवेत, माणसाला नकोत.

हा प्रश्न काही आपल्या पिढीने शोधलेला नाही. आपण बसलोय तो सगळा पट्टा, लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड, वाटून घेतलेल्या खोल्यांवरच उभा राहिला. रत्नागिरी-सावंतवाडीहून, साताऱ्याहून माणसं गिरणीत आली. गावकीची खोली असायची. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर पाठ टेकायचा. जेवण खानावळीत, आणि ती खानावळ बहुतेक एखादी बाई चालवायची. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, आणि अशा खोल्यांतून माणसं दाटीवाटीने राहिली. तिकडे धोबी तलाव, माझगावला गोव्याच्या गावांचे कूड होते. बोटीवर जाणारे गोवेकर ख्रिस्ती तिथे उतरायचे. आपल्या कोकणी मुसलमानांच्याही गावोगावच्या जमातींच्या खोल्या होत्या. माझे चुलते बोटीवर लागायच्या आधी अशाच खोलीत तीन महिने राहिले होते.

या खोल्यांनी लाखो माणसांना शहरात पाय टेकू दिला, हे विसरायचं नाही. पण त्यांचा पहिला नियम कोणता होता? "आपल्या गावचा आहेस का? आपल्यातला आहेस का?" आपल्यातला असेल तर फुकटसुद्धा झोप, नसेल तर पुढे जा. त्या काळी ते चाललं, कारण शेजारच्या चाळीत दुसऱ्या कोणाची तरी खोली होती. आता गिरण्या गेल्या. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर हा भाग पालटत गेला आणि गिरण्यांच्या जागी टॉवर आले. खोलीला आलेला माणूस आता कामगार नाही. तो केईएमजवळच्या मेडिकल कॉलेजात, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, रुईया-रुपारेलला, नागपाड्याच्या महाराष्ट्र कॉलेजात किंवा यूपीएससीच्या क्लासला आलेला आहे. गावकी मोडली, पण तिचा पहिला नियम मात्र शिल्लक राहिला. "आपल्यातला आहेस का?"

आता कायद्याकडे येते. कंटाळवाणं आहे, पण पैसे तुमचे आहेत, तेव्हा ऐका.

मुंबईचा मालक भाडेकरूला का घाबरतो? 1947 साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. भाडं गोठलं, भाडेकरूला काढणं अवघड झालं. म्हणून मालकांनी "भाडेकरू" हा शब्दच टाळला आणि "लिव्ह अँड लायसन्स" म्हणायला सुरुवात केली. म्हणजे मी तुला जागा वापरायची फक्त परवानगी देतोय. मग 1973 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे असे परवानगीवर राहत होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालकांच्या मनात ती भीती अजून बसलेली आहे. तुमच्या जन्माआधीच्या त्या दुरुस्तीमुळे आज तुम्हाला "अकरा महिन्यांचाच करार" असं ऐकवलं जातं.

अकरा महिन्यांमागचं दुसरं कारण असं की 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती. म्हणून लोक म्हणतात, "अकरा महिन्यांचा आहे, रजिस्ट्रेशन कशाला?" हे साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याचं कलम 55 म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, मग तो एक महिन्याचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला परळच्या त्या ब्रोकरसमोर माहीत नव्हतं: नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणारा माणूस जे सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. "कुठे लिहिलंय?" हा प्रश्न कायद्याने मालकालाच विचारलेला आहे.

खर्च किती येतो? समजा पाच जणांनी मिळून 30 हजार भाड्याची जागा घेतली, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. ते एकूण भाड्यावर, आणि त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून. ते होतं सुमारे 850 रुपये. नोंदणी फी मुंबईत एक हजार. वर थोडा किरकोळ खर्च. पाच जणांत वाटला तर माणशी चारशेच्या आसपास. नोंदणी आता आधार आणि अंगठ्याचा ठसा वापरून घरबसल्या ऑनलाइन होते. चारशे रुपयांसाठी वीस हजारांचं डिपॉझिट हवेत सोडू नका. आणि करारात राहणाऱ्या सगळ्यांची नावं असू द्या. एकाच्या नावावर करार आणि चार जण "येऊन-जाऊन" असं केलंत, तर भांडणाच्या दिवशी त्या चौघांना कोणी विचारत नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी फक्त टाळ्यांचं बोलले असं होईल. करार नोंदवला की मालकही सुरक्षित होतो. मुदत संपल्यावर तुम्ही जागा सोडली नाहीत, तर कलम 24 खाली तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तुमच्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणून मुदत संपली की निघा, किंवा नवा करार करा. मात्र मालकाला जायचं आहे ते त्या प्राधिकाऱ्याकडे. तुमची बॅग जिन्यात ठेवून कुलूप बदलायचा अधिकार त्याला त्या कलमाने दिलेला नाही.

आता "पीजी" या शब्दाबद्दल. कायद्यात पेइंग गेस्टची व्याख्या आहे. मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्याच घराचा एक भाग ज्याला परवानगीने दिला आहे, असा कुटुंबाबाहेरचा माणूस. गिरगावच्या मावशींकडे मी पेइंग गेस्ट होते. आणि कायद्याने पेइंग गेस्टला "लायसन्सी"च्या व्याख्येतून बाहेर ठेवलंय. एकाच घरात राहणाऱ्या दोन माणसांमध्ये कायद्याने फार घुसू नये, असा त्यामागचा विचार असावा. पण ब्रोकर हाच शब्द कुठे वापरतात? जिथे मालक राहतच नाही अशा नऊ कॉटच्या घराला. पाटी "पीजी"ची लावली म्हणून ते घर पीजी होत नाही. जागा दाखवायला न्याल तेव्हा पहिला प्रश्न विचारा, "मालक इथेच राहतात का?" उत्तर "नाही" आलं, तर करार मागा.

मग अशा नऊ कॉटच्या घराला म्हणायचं काय? लॉजिंग हाऊस चालवायचं तर महापालिकेचं लायसन्स लागतं. इमारतीच्या आगीपासून बचावासाठी 2006 चा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्यात मालकाने किंवा ताबा असणाऱ्याने अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. सोसायटीचे उपविधी आहेत, पोलिसांचे आदेश आहेत. म्हणजे तुकडे आहेत. पण विद्यार्थ्यांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या घराकडे एक घर म्हणून बघणारा, कॉट मोजणारा, दार मोजणारा एकच नियम मुंबईत नाही. या तुकड्यांच्या फटीत परळची ती खोली बसते.

फटीत काय काय बसतं हे आपण पाहिलंय. 29 डिसेंबर 2017 ला इथून जवळच, कमला मिलमध्ये, गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि 14 माणसं गेली. त्यानंतर पालिकेने हॉटेलांची झडती घेतली. त्याच वर्षी 31 ऑगस्टला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली, 33 माणसं गेली. ती आधीच धोकादायक ठरलेली होती. लोक तरी का राहत होते, असं त्या दिवशी टीव्हीवर विचारलं गेलं. जायला दुसरी जागा नसते, म्हणून राहतात. ज्याला चार ठिकाणी "नको" म्हटलं जातं तो पाचव्या ठिकाणी भिंतीतली भेग बघत नाही. जागा मिळाली म्हणून आभार मानतो.

आणि फक्त खासगी मालकांना बोल लावून चालणार नाही. जून 2023 मध्ये चर्नी रोडच्या सरकारी महिला वसतिगृहात एका 18 वर्षांच्या विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशयित वसतिगृहातच काम करणारा होता. मुली किती वाजता आत आल्या हे लिहून ठेवणारी वही प्रत्येक वसतिगृहात असते. रात्री पहाऱ्यावर कोण आहे, मजल्यावर किती मुली आहेत, याची वही कोण बघतं? हाच माझा मुद्दा. आपल्याकडे नियम म्हणजे मुलीच्या येण्याजाण्याची वेळ. जी इमारत तिला सांभाळणार, तिला नियम नाही.

दुसरीकडे काय करतात ते थोडं पाहू. इंग्लंडमध्ये आपली बरीच मराठी मुलं शिकायला जातात. तिथे एका कुटुंबातले नसलेले पाच किंवा जास्त जण स्वयंपाकघर-संडास वाटून एका घरात राहत असतील, तर मालकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. 2004 चा कायदा आहे. 2018 पासून परवान्यात झोपायच्या खोलीचं किमान मापही घातलंय: एका प्रौढ माणसाला 6.51 चौरस मीटर, दोघांना 10.22. आपल्या भाषेत, एकाला सात बाय दहा, दोघांना दहा बाय अकरा. याहून लहान खोलीत कॉट टाकता येत नाही. परवाना न घेता भाडं घेतलं तर राहणारा विद्यार्थी ते भाडं परत मागू शकतो. परवाना नसल्याचा तोटा मालकाला. आपल्याकडे कागद नसला की खाली बोलावतात राहणाऱ्याला.

पण तिथेही सगळं गोड नाही. परवान्याशिवाय तिथे नगररचनेचा आणखी एक नियम आहे. नॉटिंगहॅम, लीड्स अशा विद्यार्थ्यांच्या शहरांत काही भागांत कुटुंबाच्या घराचं वाटून राहायचं घर करायचं असेल, तर आधी कौन्सिलची परवानगी लागते. कारण काय, तर इथे विद्यार्थी फार झाले, मोहल्ल्याचा तोल बिघडला, अशा रहिवाशांच्या तक्रारी. त्यांच्या तक्रारींत तथ्य असेलही. कचरा असतो, गोंगाट असतो. पण "इथे हे लोक फार झाले" हे वाक्य आपल्याला ओळखीचं वाटतं ना? पहिला नियम विचारतो, खोली केवढी आहे. दुसरा विचारतो, कोण राहणार आणि किती. उद्या मुंबईत परवान्याची मागणी केली, तर या दोहोंतला फरक आपण डोळ्यांत तेल घालून पाहिला पाहिजे. नाहीतर चांगल्या हेतूने आणलेला नियम सोसायटीच्या हातात पडेल आणि दारावर चाळणी म्हणून लागेल.

भारतातही उदाहरण आहे. तामिळनाडूने 2014 साली स्त्रिया आणि मुलांच्या वसतिगृहांसाठी परवान्याचा कायदा केला. म्हणजे हे इथे होऊच शकत नाही असं कोणी म्हणू नये.

आता ज्या प्रश्नाची तुम्ही वाट बघताय तो. नाव ऐकून खोली नाकारली तर कायदा काय करतो? खरं सांगते, आज फार थोडं. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना घर भाड्याने मिळत नाही याची नोंद आहे. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा उपविधी वैध ठरवला. खासगी मालक म्हणतो, माझं घर, माझी मर्जी.

पण एक दार किलकिलं आहे, आणि ते उघडणारा माणूस इथलाच, परळचा. डॉ. आंबेडकर अनेक वर्षं परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले, दादरचं राजगृह नंतरचं. अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून 1917 साली ते बडोद्याला नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत, वहीत पारशी नाव लिहून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. दुसऱ्याचं नाव लिहून खोली मिळवणं काय असतं हे ज्याला माहीत होतं, त्याच माणसाने पुढे संविधानाचं कलम 15 सभागृहात मांडलं. त्या कलमाचा दुसरा भाग फक्त सरकारला बांधत नाही, खासगी माणसालाही बांधतो. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. "दुकान" म्हणजे काय, असं सभागृहात विचारलं गेलं, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, जिथे पैसे घेऊन सेवा दिली जाते ती सगळी ठिकाणं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात या स्पष्टीकरणाचा आधार घेतला.

आता विचार करा. मावशींचं घर हे घर. तिथे त्यांनी कोणाला ठेवावं यात कायद्याने घुसावं असं मी म्हणणार नाही. पण वीस कॉट टाकून, जाहिरात देऊन, माणशी दर लावून चालवलेली जागा घर आहे की धंदा? तिला परवाना लागला, तर ती कागदावर धंदा ठरेल. आणि धंदा ठरली की "मुसलमान नको" म्हणणं हा मर्जीचा प्रश्न राहत नाही, तो कलम 15 चा होतो. हा माझा युक्तिवाद आहे, अशा खोल्यांबद्दल असा निकाल माझ्या हातात नाही. पण परवान्याची मागणी आपण का करायची, याचं माझ्यापुरतं सगळ्यात मोठं कारण हेच.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्यातही मालक आहेत. नागपाडा, डोंगरी, माझगावला आपली माणसं खोल्या देतात. "कुठेच मिळणार नाही, इथे तरी मिळतेय" म्हणत जास्त भाडं घेतात, करार करत नाहीत. एकट्या मुलीला नाही म्हणतात. दुसऱ्या मसलकच्या माणसाला नाही म्हणतात. दलित मुलाला आडनाव विचारतात. दादरमध्ये आपल्याला नाव विचारलं की आपल्याला राग येतो. तो राग माझगावातही यायला हवा. जमातींच्या, ट्रस्टच्या खोल्या आणि वसतिगृहं आहेत. त्यांनी आधी करून दाखवावं: किती कॉट, किती संडास, बाहेर पडायची वाट कोणती, भाडं किती, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे दारावर मराठी-उर्दूत लावावं, आणि गावाचं, जमातीचं नाव विचारणं बंद करावं.

शेवटी, उद्या सकाळपासून काय करता येईल तेवढं सांगते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे जे आदेश वेळोवेळी निघतात, ते मालकावर असतात. ती माहिती आहे, परवानगी नाही. मालकाने ती ऑनलाइन भरली की तिची प्रत तुमच्या फोनमध्ये ठेवा. माझ्याकडे ती असती, तर त्या संध्याकाळी जिन्यातून खाली जायच्या आधीच मी ती दाखवली असती.

सोसायटी "एनओसी" मागत असेल तर मालकाला नम्रपणे सांगा की 2014 च्या आदर्श उपविधींनुसार घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती आठ दिवस आधी सोसायटीला द्यायची असते. आणि त्यासाठी सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, असा 2001 चा शासन आदेश आहे. पुष्कळ मालकांना हे माहीत नसतं. त्यांना सांगितलं तर ते तुमच्या बाजूने बोलू शकतात.

आणि एक काम एकत्र करायचं. गिरगाव डी विभागात येतं, लालबाग-परळ एफ दक्षिणमध्ये, दादर पश्चिम जी उत्तरमध्ये. या तिन्ही विभाग कार्यालयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकू: तुमच्या हद्दीत लॉजिंग हाऊसची लायसन्स किती, प्रत्येकात खाटा किती मंजूर, शेवटची तपासणी कधी. उत्तर आलं की आपल्याला माहीत असलेल्या घरांशी ताडून पाहू. मग नगरसेवकाकडे, आमदाराकडे जायला हातात काहीतरी असेल. अर्जाचा मसुदा मी आणलाय, मराठीत आहे, तीन सह्या हव्यात.

मला प्रश्न विचारण्याआधी एक विनंती. ज्या चौघांनी मघाशी हात वर ठेवला, त्यांनी करार फोनवर उघडून पुढच्या रांगेत या. बाकीच्यांना तो वाचून दाखवू, एकेक कलम. ज्यांच्याकडे नाही त्यांनी मालकाचं नाव, भाडं आणि डिपॉझिट एका कागदावर लिहून आणा, पैसे कोणत्या तारखेला दिले तेही. मी चहा होईपर्यंत इथेच आहे.